न्यूटच्या टाकीवरचा लाइट

"मॅडम, टाकी लय भारी झाली, पण आतले दोघं आठ दिवस जेवले नाय," शेठ फोनवर म्हणाले. मग आवाज पडला. "पोरगी रोज विचारती. तिला काय सांगू?"

शेठ लासलगावचे कांदा व्यापारी, बंगला नाशिकला. मुलगी शिकायला जर्मनीला गेली आणि तिने रीतसर नोंद करून पाळलेले दोन न्यूट वडिलांच्या गळ्यात पडले. न्यूट म्हणजे बेडकाचा चुलतभाऊ. दिसायला पालीसारखा, मुक्काम पाण्यात. त्याला गारवा लागतो आणि आडोसा. टाकीतल्या झाडांना मात्र उजेड हवा. दोघांचं जमेल असा लाइट निवडायचा, एवढंच माझं काम. वीसेक वर्षं मी हेच करते.

मी लगेच गेले. मी टाकीत लावलेली लाल झाडं काय तरारली होती! त्यांच्यासाठी मी सगळ्यात कडक एलईडी लावला होता. माझ्या पेजसाठी फोटोही काढून झाले होते. पण त्या एलईडीशेजारी शेठनी कांद्याच्या शेडमधला हॅलोजन बांधला होता.

"हे काय?"

"व्हिडिओ कॉलवर दिसत नव्हते ना. आमच्यात माल उजेडातच दाखवायचा, मॅडम. झाकला की गिऱ्हाईकाला शंका येती."

पाण्यात हात घातला तर कोमट. न्यूट दगडाखाली एकमेकांना चिकटून बसलेले, पोटं खपाटीला गेलेली. मला वाईट वाटलं आणि रागही आला. हॅलोजनवर मी यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"पण मॅडम, हा तर मी परवा लावला. उपास आठ दिवसांचा हाय."

आठ दिवसांपूर्वी फक्त माझा लाइट लागला होता.

दोन्ही लाइट उतरवले. कमी-जास्त करता येणारा मंद लाइट लावला, टायमरवर फक्त सहा तास. सावलीसाठी वर तरंगणारी झाडं सोडली, खाली दगडांना कमी उजेडात जगणारं शेवाळ बांधलं. लाल झाडं काढताना जीवावर आलं. टाकी आता अगदीच साधी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. इतका हळू बोलणारा व्यापारी मी पाहिला नव्हता.

"मॅडम, खाल्लं. दोघांनी. एकेक गांडूळ."

"मुलीला दाखवलंत?"

"दाखवलं ना. तिला नुसता अंधार दिसला. म्हणाली, पप्पा, आता बरोबर झालं."

लाइट निवडण्याआधी टाकीत कोण राहणार ते बघावं, असं मी हल्ली प्रत्येक गिऱ्हाईकाला ठणकावून सांगते. हे मला कसं कळलं, ते सांगत नाही.