बाळंतिणीची घागर

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि ते वर्ष कोरडं चाललं होतं. मी नर्स होते. अहमदपूरच्या एका शाळेत गावोगावच्या सुइणींना स्वच्छ बाळंतपण कसं करायचं ते शिकवत होते. त्यातली एक म्हातारी एका जागी बसतच नव्हती. सारखी दाराशी जायची, ऊन कुठवर आलं ते बघायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"हात कोपरापर्यंत धुवायचे," म्हणत मी रिकामा तांब्या हातावर उपडा केला. "पाणी आहे असं समजा."

ती फटकन म्हणाली, "तुमी समजून हात धुतल्यावर बाळंतीण बी समजूनच जगायची का, बाई?"

बाया हसल्या. मी चिडले. "मग तुम्ही दुष्काळात काय करता?"

"बाईला सातवा महिना लागला की त्या घरात एक घागर राखायला लावते. टँकर आला की आधी ती भरायची, झाकायची. पुन्हा कुणी हात लावायचा न्हाई. मी रोज जाऊन बघते." तिनं परत उन्हाकडं पाहिलं. "आज एकीचे दिवस भरलेत. तीन दिस टँकर न्हाई, घरात लई तहानलेली माणसं हायत. कुणी घागर उपसली तर?"

आणि चपलेत पाय सरकवून ती निघूनच गेली.

घागरीत पाणी उरलं होतं का, मला कधीच कळलं नाही. पुढं प्रत्येक शिबिरात मी तिची घागरच शिकवली. तिचं नाव मात्र आठवत नाही. हजेरीपटावर त्या नावापुढं मी रागानं 'गैरहजर' लिहिलं होतं, एवढंच आठवतं.