पालीच्या होडीचा फोटो

सायकल घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, "पोट कमी करायला घेतोयस ना, मग बरोबर कॅमेरा कशाला?" खरं कारण सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती. मला आठवड्यातून एकदा कुठल्याही स्क्रीनवर नसलेलं काहीतरी बघायचं होतं.

दर रविवारी पहाटे मी शांती नगरातून निघायचो. पुलावरून भाईंदर पश्चिमेला उतरून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तन आणि तिथून पाली. राईपर्यंत नव्या इमारतींची धूळ खायची, पुढे वारा लागायचा. आठवडाभर मी गोरेगावच्या एका काचेच्या इमारतीत बसून परदेशातल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. ते चालू असलं की माझी कोणालाच आठवण यायची नाही, बंद पडलं की सगळ्यांना यायची. पालीच्या किनाऱ्यावर मात्र मी कोणासाठीही काही करत नव्हतो. तेवढीच काय ती माझ्या मालकीची सकाळ.

तिथे मासळी वाळत घालणारी एक मावशी होती. तिने मला कधी स्वतःचा फोटो काढू दिला नाही, पण चेष्टा दर खेपेला केली. "आलास? त्या होडीत काय सोनं हाय काय रे? दर ऐतवारी तीच होडी."

"उजेड वेगळा असतो, मावशी."

"उजेड!" ती सुपातली मासळी पसरत म्हणायची. "आमी रोज बगतो, आमाला तं काय न्हाय दिसत."

तिला न दिसणारा तो उजेड मला एकदा अगदी मनासारखा मिळाला. पिवळी होडी पाण्यात शिरतेय, दोघं जण तिला खांदा लावून ढकलतायत, तोंडं दिसत नाहीत, फक्त ताणलेल्या पाठी. तो फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि तिथे माझी ओळखच बदलली. इतकी वर्षं ज्यांना माझं आडनाव येत नव्हतं ते लिफ्टमध्ये "काय फोटोग्राफर!" म्हणायला लागले. मला ते आवडलं. कोणाला नाही आवडणार?

मग माणसं कमी करणार असल्याची कुजबूज सुरू झाली. आम्ही सगळे इंजिनिअर, एरवी पुराव्याशिवाय एक ओळ न मानणारे. पण त्या दिवसांत आमच्याकडे शकुन बघायची पद्धत पडली. नवा लॅपटॉप मिळाला, म्हणजे हा राहणार. पुढच्या महिन्याच्या ड्युटीत नाव नाही, म्हणजे हा गेला. साहेब कोणाशी हसून बोलले आणि कोणाला टाळून गेले, यावर चहाच्या मशीनपाशी तासन् तास चर्चा चालायची. अशात एचआरच्या मुलीचा मला मेसेज आला: सगळ्या स्टाफच्या मोठ्या मीटिंगसाठी तो होडीचा फोटो मूळ साइजमध्ये हवाय.

टीमने जाहीर करून टाकलं की मी वाचलो. ज्याला काढायचंय त्याचा फोटो कोण मागेल? मलाही ते शंभर टक्के पटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने रवा भाजायला घेतला. कित्येक दिवसांनी आम्ही दोघं पोटभर जेवलो आणि वर शिरा खाल्ला. फ्लॅटच्या हप्त्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मीटिंगमध्ये भिंतभर पडद्यावर माझी होडी. लाज वाटते सांगायला, पण पहिलं मिनिटभर मी फक्त रंग बघत होतो. पिवळा जरा भडक आला होता. साहेब बोलत होते: कठीण निर्णय, जड अंतःकरण, नवा प्रवास. 'प्रवास' म्हणताना त्यांनी हात मागे करून होडी दाखवली. ज्यांना आता वेगळ्या मीटिंगचं बोलावणं येईल त्यांनी ते स्वीकारावं, असं ते म्हणाले, आणि माझा फोन थरथरला. बोलावणं मला आलं होतं. पडद्यावर ती दोन माणसं अजून होडी ढकलतच होती.

मॅनेजर म्हणाला, "पर्सनली घेऊ नको यार. रोल गेलाय, तू नाही." म्हणजे काय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. संध्याकाळच्या आत माझं लॉगिन बंद झालं.

त्यानंतर मला रोजच रविवार होता, पण मी पालीला गेलो नाही. सकाळी अर्ज पाठवायचे, दुपारी मेल उघडून बघायचे. सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात विचारायचा, "आजकल घर से काम?" मी "हां, हां" म्हणून खाली उतरायचो. बायको जास्तीच्या शिकवण्या घ्यायला लागली. माझ्यासमोर ती मुद्दाम गाणं गुणगुणायची, ते मला सहन व्हायचं नाही. त्या फोटोचं तर नावही नको वाटायचं. पुन्हा कधी त्या लोकांनी माझ्याकडे काही मागितलं तर असं सुनावेन, असं सुनावेन, म्हणून मी मनातल्या मनात वाक्यं घोटून ठेवली होती.

आणि मागितलं. एचआरच्या त्याच मुलीचा मेसेज: "सर, होप यू आर डुइंग वेल! नवीन जॉइन होणाऱ्यांच्या वेलकम प्रेझेंटेशनसाठी तसाच एखादा अजून मिळेल का? फक्त वरच्या बाजूला मोकळी जागा हवी, मजकूर टाकायचाय."

घोटलेल्या वाक्यांपैकी एकही बाहेर आलं नाही. नवीन जॉइन होणारे, म्हणजे भरती चालू आहे. मी लगेच उत्तर लिहिलं: "नक्की! उद्याच नवीन काढून पाठवतो. माझ्यासाठी काही ओपनिंग असेल तर बघाल?" तिने अंगठ्याचा इमोजी पाठवला, तो पहिल्या दोन वाक्यांसाठी. तिसऱ्याबद्दल काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पालीला गेलो. उजेड असा होता की मावशीलाही दिसला असता, पण ती आली नव्हती. होडी खाली धरली, समुद्र तिच्या जरा वर, आणि वरचं सगळं आकाश रिकामं सोडलं. तेवढ्यात डावीकडून एक बगळा चौकटीत शिरला आणि नेमका वरच्या मोकळ्या जागेत, सावकाश, पंख पसरून उडत राहिला. मी बटणावरचं बोट उचललं आणि तो निघून जायची वाट बघत थांबलो.