बदक काय म्हणालं?

जुनं कपाट उघडून एक गोधडी ओढायला जावं आणि अख्खा ढीग अंगावर यावा, तसं आमच्या गप्पांचं आहे. मी, बालाजी आणि सलीम लातूरच्या एकाच गल्लीत वाढलो. परवा आमची पोरं मोबाइलवर कार्टून बघत होती म्हणून बालाजीनं त्यांना रागवायला तोंड उघडलं, आणि मग आम्ही तिघं दुपारभर कार्टूनवरच बोलत बसलो! पोरं कंटाळून अभ्यासाला गेली.

सलीमचे अब्बा टीव्ही दुरुस्त करायचे, त्यामुळं गल्लीतला पहिला टीव्ही त्यांच्याकडंच. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बालाजी औशाच्या पलीकडच्या खेड्यातला, शिकायला मामाकडं राहिलेला. मी मामांच्या शेजारची.

*

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरात बसायला कुणी तयार नव्हतं. जेवण अंगणात, अभ्यास अंगणात. मग टीव्हीही अंगणात आला!

एका रविवारी ऐन कार्टूनच्या वेळेला पडद्यावर नुसत्या मुंग्या. चाचा अँटेना फिरवायला गच्चीवर चढले.

"प्रोग्राम आला का रे?"

"न्हाई, चाचा!"

त्यांनी अजून थोडा फिरवला. "आता आला?"

तेवढ्यात जमीन हलली. धक्का तसा छोटाच, पण भांडी वाजली, टीव्ही थरथरला आणि अख्खी गल्ली जिवाच्या आकांतानं ओरडली, "आला! आला!"

वरून चाचांचा शांत आवाज, "हाव? मग हितंच बांधून टाकतो. कुणी हात लावू नका!"

*

पुढं केबल आली. कार्टून दिवसभर, पण सगळं इंग्रजीत! आम्हाला एक शब्द कळेना. बालाजीचे मामा इंग्रजीचे मास्तर, म्हणून बालाजीला इंग्रजी येतं असं आम्ही ठरवून टाकलं. त्यानंही नाही म्हटलं नाही.

"बदक काय म्हणालं रे?"

"निलंग्याची बस चुकली म्हणालं."

"मग ते एवढं चिडलंय कशाला?"

"शेवटची होती ना!"

दोन वर्षं आम्ही त्या बदकाच्या काळजीत काढली. मग तेच कार्टून हिंदीत यायला लागलं. त्यात ना निलंगा, ना बस. बदक म्हणे समुद्रावर सुट्टीला निघालेलं! गल्लीतली सगळी पोरं गोंधळून एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी सलीमनंच निकाल दिला, "हिंदीवाल्यांना इंग्रजी येत न्हाई."

*

उन्हाळ्यात मी नांदेड जिल्ह्यात, आंध्रच्या हद्दीजवळच्या देगलूरला मावशीकडं गेले. तिथं आमचा रोजचा कार्टूनमधला हत्ती चक्क तेलुगू बोलत होता! मी चक्रावले. काकांना विचारलं, "ह्याला तेलुगू कसं येतं?"

काका पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "मूळचा इकडचाच हाय की. पोटासाठी हिंदी शिकला."

मी लातूरला येऊन हे सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं!

*

मग अकरावी. तोवर आमच्या गावाला क्लासचं वेड लागलं होतं. जिकडं बघावं तिकडं पाट्या, सायकली आणि पाठीवर दप्तर घेतलेली बाहेरगावची पोरं. फिजिक्सच्या सरांचा दरारा असा की त्यांनी खडू उचलला तरी पोरं श्वास रोखायची.

एकदा सरांनी टेबलावरून चेंडू घरंगळत सोडला आणि बालाजीला उभं केलं.

"सांग. टेबल संपल्यावर चेंडू खाली पडायला कधी सुरुवात करील?"

बालाजीनं बराच विचार केला. "खाली बघितल्यावर, सर."

वर्ग गार! कड्यावरून पळत सुटलेला प्राणी हवेत मजेत चालत राहतो आणि खाली नजर गेल्यावरच पडतो, हे आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हसावं का वहीत लिहून घ्यावं, कुणाला कळेना.

सर ओरडले, "अरे, चेंडूला डोळे कुठं असतात?"

"तेच तर मी विचार करायलोय, सर!"

*

बारावीला पोरगं असलं की घरातला टीव्ही बंद, हा तेव्हाचा कायदाच. पण नुसता बंद करून भागत नव्हतं, कारण आई-बाप बाहेर गेले की तो चालू व्हायचा. मग एका वडिलांनी शक्कल काढली. 'बिघडलाय' म्हणून चांगला टीव्ही चाचांच्या दुकानात आणून टाकला आणि कानात सांगितलं, "परीक्षा होईस्तोवर दुरुस्त करू नका."

बघता बघता बातमी पसरली. दुकान भरलं, मग घर भरलं. पलंगाखाली टीव्ही, पिठाच्या डब्यावर टीव्ही. सगळे ठणठणीत!

चाची कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, आपला सलीमपण बारावीलाच हाय ना?"

चाचा विचारात पडले. गावातले निम्मे टीव्ही घरात आणि पोरगं बारावीला! लोकांचा माल परत तर देता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलीमलाच उचलून बालाजीच्या मामाकडं नेऊन ठेवलं.

*

आणि हा एक किस्सा. भूकंपानंतरच्या त्या दिवाळीतला. चाचा आम्हाला तिघांना घेऊन बालाजीच्या गावी गेले होते. गाव उरलं नव्हतं, माळावर पत्र्याच्या शेडच्या रांगा होत्या. बालाजीचे काका पडलेल्या घराखाली गेले होते. काकू वाचल्या, पण तेव्हापासून त्या शेडमध्ये पाऊल टाकत नव्हत्या. चूल बाहेर, बाज बाहेर. थंडी पडायला लागली होती. सगळ्यांनी समजावलं, पत्रा हलका असतो म्हणून सांगितलं. त्या एवढंच म्हणायच्या, "छपराखाली म्या यायची न्हाई."

शहरातून मदतीला आलेल्या लोकांनी संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टीव्ही आणि व्हिडिओ मांडला. पोरांसाठी कार्टून लावलं. एक अस्वल गाणं म्हणत घरी येतं, दार धाडकन लावतं, आणि अख्खं घर त्याच्या अंगावर कोसळतं.

कुणीच हसलं नाही. पोरं मागं वळून आयांकडं बघायला लागली. व्हिडिओ लावणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात विटांतून अस्वल बाहेर आलं, पापडासारखं चपटं. तोंडात अंगठा धरून त्यानं फुंकर मारली, फुगलं, अंग झाडलं आणि चालायला लागलं. एक पोरगं हसलं. मग सगळी हसली.

"थांबवा ते," मागून काकू म्हणाल्या.

गृहस्थ घाबरले. "चुकलं हो, ताई. आम्ही आधी बघितलं नव्हतं."

"चुकलं न्हाई. घर पडतंय तिथनं पुन्यांदा लावा."

त्यांनी लावलं. काकू उठून ट्रॉलीजवळ आल्या आणि उभ्यानंच बघत राहिल्या.

"आनी एकदा."

पुन्हा लावलं. आता पोरंही हसत नव्हती, नुसती काकूंकडं बघत होती. चाचांची मान खाली. अस्वल विटांतून निघून चालायला लागलं तसं काकूंनी विचारलं, "कुठं चाललंय त्ये?"

"माहीत न्हाई, काकू," बालाजी म्हणाला.

"बरं."

त्या बाजेकडं गेल्या, वाकळ उचलून काखेत मारली, वाकून शेडच्या दारातून आत गेल्या आणि आतून हाक आली, "बालाजी, बाज आत आन रं!"