हिरव्यावर ठोकलेला काटा

ग्लेनिस टॅरंटचा आवाज चढलेला मी इतक्या वर्षांत एकदाच ऐकला. बरं झालं चढला. माझा तर अजून उतरलेला नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत मी मोठ्यांना शिकवते, ती लहानांना. मागच्या उन्हाळ्यात वणवा गावाला टेकला. तेव्हापासून उत्तरेचा, वणवा पसरवणारा गरम वारा सुटला, की आठ वर्षांच्या ब्रॉन्टीच्या पोटात कळा यायच्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, भीती बसलीय. मग ग्लेनिसने वणव्याचा रोजचा धोका दाखवणाऱ्या गावाबाहेरच्या पाटीसारखी प्लायवूडची छोटी पाटी प्रत्येक मुलाला करून दिली. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि मधे फिरता काटा. भीती वाढली की काटा सरकवायचा. पिवळ्यावर पाय जमिनीला घट्ट टेकून सावकाश श्वास. नारिंगीवर मिसच्या शेजारी येऊन बसायचं. लालवर मिस हात धरणार, कुणी काही विचारायचं नाही. हळूहळू ब्रॉन्टीचा काटा लालवरून पिवळ्यावर यायला लागला. पोर चक्क खिदळायला लागली हो!

एका शुक्रवारी तिने पाटी हौसेने घरी नेली. सोमवारी परत आणली तेव्हा उत्तरेचा वारा भणाणत होता. काटा हिरव्यावर होता, आणि पोर वर्गात भडाभडा ओकली.

"अगं, मला सांगायचं नाही का?" ग्लेनिस म्हणाली.

"काटा हलतच नाही, मिस. डॅडने खिळा ठोकलाय. म्हणाला, आपल्या घरात रडूबाई नकोत."

आणि हा बाप कोण? रीस कॅलोवे, गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान! ग्लेनिस ताडताड निघाली, मी तिच्या मागे. रीस गावाच्या पाटीचा काटा लालवर न्यायला शिडीवर चढला होता.

"राहू दे की हिरव्यावर!" ती खालून ओरडली. "उगाच गाव घाबरेल!"

"डोकं फिरलंय का तुझं? माणसं मरतील!"

"मग घरी खिळा कशाला ठोकलास रे, शहाण्या? ती काय माणूस नाही?"

काटा लालवर सरकवून तो उतरला आणि मुकाट आमच्याबरोबर शाळेत आला. पकडीने खिळा उपटला, लेकीसमोर गुडघे टेकले.

"सांग बाळा, आत्ता कुठे आहे काटा?"

पोर पांढरीफटक पडली होती. तिने काटा लालपर्यंत नेला. मग बापाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि काटा गुपचूप हिरव्यावर आणून ठेवला.

"मी बरी आहे, डॅड."