फोन उचलायला घरी कोणी नसताना

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गुरांचे डॉक्टर होते. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही पारोळ्यालाच राहिलो, आणि नानांचं काम थांबायच्या ऐवजी वाढलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. खेड्याखेड्यांत एसटीडीची पिवळी पाटी लागत होती, आणि पूर्वी बैलगाडीने किंवा सायकलने येणारा निरोप आता फोनने यायला लागला होता. गाय व्यायला अडली आहे, बैलाचं पोट फुगलंय, म्हैस दोन दिवस खात नाही. नाना मोटारसायकलवर कुठल्या तरी गावाला गेलेले असायचे. फोन घ्यायची ती आई.

तिने निरोप घ्यायचा, दाराजवळच्या पाटीवर खडूने गाव लिहायचं आणि नाना आले की त्यांना तोंडी सगळं सांगायचं. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. पण फोनला घरात माणूस लागतो हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ती घर सोडायचीच नाही. शेजारी हळदीकुंकवाला गेली तर आमचं दार उघडं ठेवून जायची आणि वाटी हातात पडली की परत फिरायची. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला बायका जमत, तेव्हा ही जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून पीठ मळून द्यायची, कारण तिथपर्यंत घंटी ऐकू यायची. मी तेव्हा अमळनेरला कॉलेजात जात होते. दिवसभर घरी नसायचे, त्यामुळे माझा तिला काही उपयोग नव्हता.

आईची मोठी बहीण धुळ्याला राहायची. आई तिला ताई म्हणायची, मी मावशी. आधी मावशीच दर महिन्याला एसटीने यायची, दोन दिवस राहायची, दोघी स्वयंपाकघरात बसून अहिराणीत तासन्‌तास बोलायच्या. मग साखरेच्या आजाराने मावशीची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, पण शेवटी तिला माणसाची नुसती सावली दिसायची. तिचं येणं बंद झालं. आई दिवाळीनंतर एकदा जाऊन यायची, तेही घड्याळाकडे बघत. मावशी कधी रागावली नाही. फोनवर एवढंच विचारायची, की कधी येशील. आई म्हणायची, बघते.

त्या वर्षी मामा मस्कतहून सुट्टीवर आला आणि त्याने आईसाठी एक खोकं आणलं. त्यात फोन होता, पण त्याचा रिसीव्हर वायरने बांधलेला नव्हता. हातात घेऊन कुठेही फिरता येत होतं. खालच्या पेटीत दोन छोट्या कॅसेट होत्या. घरी कोणी नसलं तर ती पेटी आपणहून फोन उचलायची, एका कॅसेटवरचं आपलं बोलणं पलीकडच्याला ऐकवायची आणि त्याचं बोलणं दुसऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची. मामाने एवढं सांगितलं आणि तो त्याच्या सासुरवाडीला निघून गेला. फोन लावायचं काम आमच्यावर पडलं.

आधी प्लगच बसेना. त्याच्या तीन पट्ट्या चपट्या, आमच्या भिंतीतली भोकं गोल. गल्लीतल्या वायरमनने तो कापून दुसरा लावून दिला. मग टेलिफोनच्या लाइनमनला विनंती केली. त्याने नव्या फोनची वायर जुन्या डबीत जोडली आणि जुना काळा फोनही तसाच चालू ठेवला, कारण लाइट गेली की नवा फोन मुका होणार होता, आणि लाइट तर रोजच जायची. माहितीपुस्तक इंग्रजीत आणि अरबीत होतं. मी मोठ्याने वाचायचे, नाना मान हलवायचे. पहिल्यांदा रिसीव्हर रात्रभर चार्जिंगला ठेवा असं त्यात लिहिलं होतं. नानांनी ते औषधाच्या मात्रेसारखं पाळलं. सकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

सकाळी फोन कानाला लावला तर आवाज येत होता, पण नंबर काही लागेना. कितीही बटणं दाबली तरी नुसतं टुंग टुंग. नाना म्हणाले, परदेशातलं यंत्र आहे, आपल्या लाइनला मानवत नसेल. आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, तेव्हा पेटीच्या पोटाखाली एक बारीक खटका असल्याचं कळलं. आमच्या गावाच्या एक्स्चेंजला जुन्या पद्धतीने नंबर मोजायची सवय, आणि खटका नव्या पद्धतीवर होता. तो सरकवला आणि पहिला फोन लागला तो धुळ्याला, मावशीकडे. आई रिसीव्हर घेऊन बोलत बोलत न्हाणीघरापर्यंत गेली, परत आली, मग जिना चढायला लागली. वर गच्चीवरून तिचा आवाज येत राहिला. खाली आली तेव्हा फोनवर काय सांगितलं ते म्हणाली, "ताईले सांगं, मी गच्चीवर उभी शे." आमच्याशी ती नेहमी शुद्ध मराठीत बोलायची, पण आनंद झाला की अशी अहिराणीत घसरायची.

त्या उन्हाळ्यात बिबड्या घालताना आई पहिल्यांदा सगळ्या बायकांबरोबर गच्चीवर होती. रिसीव्हर पाण्याच्या टाकीवर, रुमालात गुंडाळलेला. घंटी वाजली की कुणीतरी रुमाल सोडून तो तिच्या कानाला धरायचं, कारण तिचे हात पिठात असायचे.

पेटीचं निरोप घ्यायचं काम मात्र जमेना. निरोप आधी नानांनी भरला होता. घसा साफ करून, सरकारी पत्रासारखं. सध्या डॉक्टर उपलब्ध नाहीत, कृपया आपला निरोप सूचक ध्वनीनंतर नोंदवावा. खेड्यातली माणसं ते ऐकून गांगरायची. संध्याकाळी कॅसेट लावली की त्यात नुसता श्वासाचा आवाज, मागे बूथवरच्या माणसांचा गलका, एखाद्याचं "हॅलो, हॅलो, कोण शे?" आणि मग खट. कोण होतं, कुठलं होतं, काही कळायचं नाही. आई म्हणाली, हे असं असेल तर मी घरी बसलेलीच बरी. तिचं म्हणणं खरं होतं.

एक दिवस नाना बाहेर गेले असताना तिने मला ती पेटी पुन्हा चालू करायला सांगितली. माझ्याकडे पाठ करून बसली. लाल बटण दाबून मी बाजूला झाले. ती फोनवर रोज बोलायची तशीच बोलली:

"राम राम. मी डॉक्टरसायेबनी घरनी अक्का बोलस. डॉक्टर बाहेर जायेल शेतस. तुमनं नाव, गाव सांगा, जनावरले काय व्हई ऱ्हायनं ते सांगा. डॉक्टर येतीन. कायजी करू नका."

खेड्यातले सगळे तिला अक्काच म्हणायचे. नानांनी आल्यावर ते ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि स्वतःचा निरोप पुसला गेला तरी तोच राहू दिला. दोन-चार दिवसांत कॅसेटवर माणसं बोलायला लागली. काही तर आधी आईची खुशाली विचारायची, उत्तर यायची वाट बघायची आणि मग गाईकडे वळायची. निरोपाची वेळ संपून मध्येच तुटायचं, तर ती पुन्हा फोन करून पुढचं सांगायची.

मग नानांनीच विषय काढला. जेवताना म्हणाले, की तुझी बहीण कधीची बोलावतेय, जाऊन ये. आई म्हणाली, फोन? नानांनी पेटीकडे बोट केलं. आईने आणखी आठवडाभर काढला. शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी धुळ्याच्या गाडीत बसलो.

मावशीने दारातच आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग दंड, मग मनगटं. बारीक झालीस म्हणाली. आत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, की परत कधी जायचंय. आई म्हणाली, संध्याकाळच्या गाडीने. मावशीने मला चहा ठेवायला सांगितला.

जेवणं झाली तशी आईची चुळबुळ सुरू झाली. मावशीच्या मुलाने घरात फोन घेतला होता. आई म्हणाली, नाना आले असतील का बघते, आणि तिने घरचा नंबर फिरवला. मी तिच्याकडे बघत होते. ती हॅलो म्हणायला गेली, थांबली आणि मग तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू आलं. मावशीने विचारलं, कोण बोलतंय. आईने रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

मावशी नीट ऐकत राहिली. म्हणाली, ही तर तूच. मग म्हणाली, पुन्हा लाव. आईने पुन्हा लावला. इतक्या वर्षांत आईचा आवाज ती फोनवरून ऐकतच होती, पण बहीण शेजारी बसलेली असताना तिचाच आवाज पारोळ्याहून यावा याची तिला मोठी मौज वाटली. तिसऱ्यांदा लावल्यावर ती आईला म्हणाली:

"तिले सांग, तू आज घर येत नई म्हनीसन."

आईने रिसीव्हर आपल्या कानाला लावला. निरोप सांगायची खूण देणारा सूं असा आवाज येऊन गेला असावा, कारण तिने एकदम पाठ ताठ केली. मग हळू, पण स्पष्ट बोलली. "अहो, मी बोलतेय. मी आज ताईकडे थांबते. भाकरी टोपलीत झाकून ठेवली आहे, वांग्याची भाजी गरम करून घ्या. उद्या दुपारी येते." आणि थोडं थांबून, "काळजी करू नका."

माझ्या आठवणीत आई स्वतःच्या मर्जीने कुठे मुक्कामाला राहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. दोघी बहिणी अंगणात बाजेवर बसल्या. मावशी आईकडून अंगणातल्या एकेका गोष्टीची चौकशी करत होती, तुळस केवढी झाली, समोरच्यांनी भिंतीला कोणता रंग दिला. आई सांगत होती. मी मध्ये कुठेतरी उठून आत गेले, त्यांना ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा नाना ओट्यावरच होते. त्यांनी सांगितलं, की काल दुपारी ते आले तेव्हा पेटीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. दोन निरोप होते. एक आईचा. त्याच्या आधीचा बोरी नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याचा, त्याची पहिलटकरीण गाय सकाळपासून अडली होती. नाना न जेवता तसेच परत निघाले. वासराचा पाय आत दुमडला होता. बराच वेळ लागला, पण गाय आणि कालवड दोघी वाचल्या. भाजी त्यांनी रात्री गारच खाल्ली, असंही त्यांनी सांगितलं. त्यावर आई हसली. तिने आधी गाईबद्दल विचारलं, मग भाजीबद्दल रागावली.

काही दिवसांनी तो शेतकरी चिकाची बरणी घेऊन आला. नाना घरी नव्हते. त्याने बरणी आईच्या हातात दिली आणि फोनवर धीर दिल्याबद्दल उभ्या उभ्याच म्हणाला:

"अक्का, तुम्ही बोलन्यात म्हनीसन मले धीर ऊना. मी पार घाबरी जायेल व्हतू."

त्या वेळी अक्का धुळ्याला होती हे मी सांगणार होते. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिने त्याला पाणी दिलं, कालवड दूध पिते का विचारलं, गाईला आणखी काही दिवस काय खाऊ घालायचं ते नानांनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "मी बोललेच होते ना. खोटं काय त्यात?"

त्यानंतर आई पंधरवड्यातून एकदा तरी धुळ्याला जायची. सकाळच्या गाडीने निघायची, बहुतेक वेळा राहायची. मावशीचे केस धुऊन द्यायची, तिच्या साड्यांच्या घड्या रंगाप्रमाणे लावून तिला कुठली कुठे आहे ते हाताने समजावायची. माझं लग्न होऊन मी जळगावला आले तरी हे चालूच होतं. मी पारोळ्याला फोन केला की कितीदा तरी पेटीवरची आईच उचलायची, आणि मला बरं वाटायचं, कारण याचा अर्थ खरी आई बाहेर गेलेली आहे. मावशी आणखी चार-पाच वर्षं जगली. शेवटच्या आजारपणात आई तिच्याजवळ होती. हात हातात होता. आईला त्यानंतर रडताना मी पाहिलं, पण हळहळताना नाही. भेटायचं राहून गेलं असं तिला कधी म्हणावं लागलं नाही. माझ्या ओळखीच्या किती थोड्या जणींना हे भाग्य मिळालं ते मला माहीत आहे, म्हणून त्या पेटीचे आणि ती आणणाऱ्या मामाचे उपकार मी मानते.

मावशीच्या दिवसांना मामा आला होता. एका संध्याकाळी आईने त्याला हे सगळं सांगितलं, त्या फोनमुळे ताई मला मिळाली, असं म्हणाली. मामा खाली मान घालून ऐकत होता. मग जरा ओशाळून म्हणाला, "अक्का, खरं सांगू? मी तुझ्यासाठी मिक्सर घ्यायला गेलो होतो. दुकानात तो संपला होता."

आई म्हणाली, "बरं झालं संपला," आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.