परवाचं सोरपोतेल

कोन्सू आंटीनं पातेल्यावरचं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि परत ठेवून दिलं. गोव्यातल्या तिच्या छोट्या खानावळीत मी बियर पुढ्यात घेऊन त्या पातेल्याकडेच बघत होतो. आत डुकराच्या मटणाचं सोरपोतेल होतं.

"आंटी, सोरपोतेल आणि पाव."

"आज नाही मिळायचं."

शेजारच्या टेबलावर तर तिनं मघाशीच पोर्कची बशी ठेवली होती. मी आठवीत शाळा सोडून मुलखाबाहेर पडलेला माणूस. कुणी नाही म्हटलं, की आधी स्वतःच्या कपड्यांकडे बघतो. शर्टावर बोटींचा निळा रंग होता. मी उठलो.

"खंय चललास? त्यांना चॉरिस वाढलंय, डुकराचं सॉसेज. सोरपोतेल आजच केलं, व्हिनेगर आत उतरायला नको? परवा ये, तुझ्यासाठी काढून ठेवते. उशीर केलास तर मी खाईन!"

"लग्नालासुद्धा मला असंच थांबवलेलं," गल्ल्यावरून तिचा नवरा म्हणाला.

मी हसत खाली बसलो, चॉरिस-पाव मागवला. घर सोडल्यापासून मी आलो काय, गेलो काय, कुणाला फरक पडत नव्हता. मुकादम वाट बघतो, पण ती माझ्या हातांची. आणि इथे, मी बोट रंगवत असताना, माझ्या वाट्याचं कालवण या पातेल्यात सावकाश आंबट-तिखट होत राहणार होतं.

निघताना राहवलं नाही. "आंटी, परवा नक्की ना?"

"तू ये म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि झाकण हलू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवला.