सवाईचं बियाणं

टोकावड्याजवळच्या आमच्या गावी, काकूच्या ओटीवर एक परदेशी बाई बसल्या होत्या. त्यांच्या देशातल्या संशोधन केंद्राला काकूच्या तांबड्या भाताचं बियाणं हवं होतं. सोबत दिल्लीचे एक अधिकारी होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून दुभाषी. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

बाईंनी चांगली किंमत सांगितली. काकूने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे बियाणं विकत नाहीत. शेजाऱ्याला पायलीभर दिलं, तर सुगीनंतर तो सवाईने, म्हणजे सवा पायली, परत आणतो. त्याचं पीक बुडालं तर आपण पुन्हा देतो.

"तिला इचार गो, सवाई परत आनशील का? आन् उद्या आमचं बुडालं, तर देशील का?"

मी अडखळत विचारलं. बाई म्हणाल्या, केंद्रात तशी सोय नाही. त्यातून नवं वाण निघालं तर हक्कही केंद्राचाच. त्यांनी काही लपवलं नाही, हे मला आवडलं.

अधिकारी हसून हिंदीत म्हणाले, "काकू, बियाण्यांच्या जागतिक परिषदेत आपल्यासारखे देश हेच तर मागतात. बियाणं न्या, पण त्यातून मिळेल त्यात आमचाही वाटा ठेवा. श्रीमंत देश ऐकून घेतात आणि पुढच्या बैठकीची तारीख देतात."

"मंग तुमी काय करता?"

"पुढच्या बैठकीला जातो."

"आन् तिथं जेवन तरी देतात का?"

मी याचंही भाषांतर केलं. बाईच आधी हसल्या.

काकूने दाखवायला काढलेला, पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा उचलून परत माळ्यावर ठेवला. "खायला कितीबी घे बाय. पेरायला नाय." तिने स्टीलच्या डब्यात गरम भात भरून बाईंच्या हातात दिला. "डबा तेवढा परत धाड."

काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांचा माणूस डबा घेऊन आला. आत बाईंच्या आईच्या झाडाची सुकवलेली सफरचंदं होती. बाईंचा मला मेसेजही आला होता: परतफेडीची अट केंद्रापुढे मांडली आहे, उत्तर अजून नाही.

काकूने एक फोड बराच वेळ चावली. "चामडं हाय नुसतं." मग डबा पुसत म्हणाली, "पन रिकामा नाय धाडला. लिही तिला, परत ये म्हनावं, बोलू."

मी फोन हातात घेतला. मुडा माळ्यावरच होता.